पगारपत्रकाबाहेरचे कुटुंब

हिरोकाझु कोरेएडा यांच्या 'मानबिकी काझोकु' या जपानी चित्रपटाला २०१८ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. नावाचा अर्थ, दुकानांतून माल लांबवणारे कुटुंब. टोकियोतील एका मोडकळीस आलेल्या घरात सहा माणसे राहतात. म्हातारी हात्सुए, ओसामु व नोबुयो हे जोडपे, अकी ही तरुणी, शोता हा मुलगा आणि मारझोडीच्या घरातून थंडीच्या रात्री उचलून आणलेली चिमुरडी युरी. रक्ताचे असे कोणीच कोणाचे नाही.

रसिक मंडळी त्यातील समुद्रकिनाऱ्याविषयी भरभरून बोलतात, आणि ते दृश्य आहेही तसेच. माझी नजर मात्र लाँड्रीच्या कारखान्यात अडकते. नोबुयो तेथे तासाच्या मजुरीवर राबते. एके दिवशी तिला व तिच्या जोडीदारणीला बोलावून सांगण्यात येते की, दोघींना ठेवणे परवडत नाही, कोणी जायचे ते तुमचे तुम्हीच ठरवा. जोडीदारणीने युरीला तिच्याबरोबर पाहिलेले असते. ते गुपित फोडण्याची धमकी ती देते, आणि नोबुयो मुकाट्याने नोकरी सोडते. मालकाने बोट न लावता दोन कामगार बायकांना एकमेकींच्या अंगावर घातले! ही युक्ती ओळखायला जपानी भाषा यावी लागत नाही.

ओसामु बांधकामावरचा रोजंदार मजूर. कामावर त्याचा पाय मोडतो. अपघात-भरपाईच्या विम्याचा कायदा तेथे १९४७ पासून आहे, आणि रोजंदार त्याच्या बाहेर नाही. तरी ओसामुच्या पदरी काही पडत नाही. मग घर चालते ते म्हातारीच्या पेन्शनवर, आणि उणे पडेल ते दुकानांतून.

हे लोक असे उघड्यावर पडले कसे? युद्धानंतर, १९४७ साली, जपानने दिवाणी कायदा बदलून कुटुंबप्रमुखाची जुनी सत्ता मोडली. मोठ्या कारखान्यांत तिची जागा जणू कंपनीने घेतली. शाळेतून निघालेला पोरगा निवृत्त होईपर्यंत तेथेच. जितकी नोकरी जुनी तितका पगार मोठा. युनियनसुद्धा त्या कंपनीपुरतीच. १९५५ पासून दर वसंतात या युनियनांनी मिळून पगारवाढीचा लढा दिला. त्याला 'शुन्तो' म्हणतात. तो इतिहास मी कमी लेखणार नाही. परंतु त्या घराला दार होते, आणि आतून कडी लावणाऱ्यांत युनियनही होती. अर्धवेळ, हंगामी, रोजंदार यांना बहुतेक ठिकाणी सभासदच करून घेत नसत. त्यांत बायका फार.

पुढे १९८५ साली, मोजक्या कामांपुरता, कंत्राटाने माणसे पुरवण्याचा कायदा झाला. १९९०च्या दशकारंभी जमिनी-शेअरांचा फुगा फुटला. १९९९ साली बहुतेक सर्व कामे त्या कायद्याखाली खुली झाली, २००४ साली कारखान्यांतील उत्पादनाचीही. १९९०च्या सुमारास पाच नोकरदारांत एक कायम नोकरीच्या बाहेर होता. चित्रपट आला तेव्हा तिघांत एकाहून अधिक.

२००८च्या मंदीत या लोकांना काढले, तेव्हा अनेकांची नोकरीबरोबर राहण्याची खोलीही गेली. ३१ डिसेंबर २००८ रोजी टोकियोच्या हिबिया बागेत, कामगार मंत्रालयाच्या नाकासमोर, त्यांच्यासाठी तंबू पडले. सुमारे ५०० माणसे आली. एरवी निरनिराळ्या झेंड्यांखाली चालणाऱ्या कामगार संघटनांचे कार्यकर्ते तेथे एकत्र राबले. २ जानेवारीला मंत्रालयाला आपले सभागृह उघडावे लागले. तो कडी निघाल्याचा आवाज होता, उशिरा का होईना.

२०१० साली टोकियोत १११ वर्षांचा म्हणून नोंदलेला एक वृद्ध सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारल्याचे उघडकीस आले. घरची माणसे पेन्शन घेत होती. लोक फार संतापले. अशा बातम्यांवरूनच कोरेएडांना आपला विषय सुचला. चित्रपटातही हात्सुए मरते, तिला घरातच पुरतात आणि पेन्शन चालू राहते.

पोलीस नोबुयोला विचारतात, म्हातारीला टाकून दिलेस ना? ती सांगते, टाकले दुसऱ्यांनी. मी ते उचलून घेतले. कायदा युरीला जन्मदात्या आईकडे परत पाठवतो. अखेरीस ती गॅलरीत एकटीच खेळते, मग उंचावर चढून कठड्यापलीकडे पाहते.