बूट ड्राइव्ह (घरगुती संचय सर्व्हर)

घरगुती संचय सर्व्हरची कार्यप्रणाली ज्या ड्राइव्हवरून सुरू होते, त्यास बूट ड्राइव्ह म्हणतात. छायाचित्रे, कागदपत्रे इत्यादी विदा निराळ्या डिस्कांवर असते. ट्रूनॅस ही प्रणाली संपूर्ण बूट ड्राइव्ह व्यापते. तिला किमान १६ जीबी जागा लागते, त्यामुळे फार मोठा ड्राइव्ह घेणे व्यर्थ होय. पेन ड्राइव्ह स्वस्त, परंतु सततच्या लेखनाने लवकर झिजतो. छोटी एसएसडी अधिक भरवशाची. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसपलीकडे जाणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती हवेशीर जागी बसवावी.

बूट ड्राइव्ह निकामी झाला तरी विदा नष्ट होत नाही. प्रणाली नव्याने स्थापून जतन केलेली संरचना फाइल चढवल्यास सर्व्हर पूर्ववत होतो. मात्र कूटबद्ध विदेच्या किल्ल्या बूट ड्राइव्हवरच साठवलेल्या असतात. त्यांची प्रत अन्यत्र नसल्यास शाबूत डिस्कांवरील विदाही वाचता येत नाही.