नाव कापलेला नाविक

आज मुंबईतल्या ज्या रस्त्याला तुम्ही एलबीएस म्हणता आणि जिथे सिग्नलला गाडी बंद करून बसता, त्याच रस्त्याने जायचंय. गाडी मात्र बदलावी लागेल. ही लष्करी लॉरी उभी आहे, मागचं फळकूट पाडलंय, चढा. हात द्यायला कुणी येणार नाही, कारण आधी चढलेल्यांचे हात लॉरीची कड धरण्यात गुंतलेत. सगळ्यांत शेवटी चढतो तो बंदूकवाला गोरा शिपाई. तोही तुमच्याइतकाच घामाघूम आहे.

रस्त्याचं नाव सध्या आग्रा रोड. 1946 चा फेब्रुवारी संपत आलाय. घाटकोपर मागे पडलं की वस्ती विरळ होते आणि डाव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात. उजवीकडे रुळांपलीकडे मिठागरं आहेत. ती इथून दिसत नाहीत, पण खाडीचा खारट, कुजकट वास नाकात बसतो. तुम्ही मालवणचे, त्यामुळे त्या वासाने उलट बरं वाटतं. शेजारचा पंजाबी पोरगा मात्र नाकाला रुमाल लावून बसलाय. रुमाल त्याच्या अंगरख्याइतकाच कळकट आहे. आठवडाभर कुणी कपडे धुतलेले नाहीत. पांढऱ्या गणवेशाची एवढी वाईट अवस्था यापूर्वी कुणी पाहिली असती तर तुम्हाला त्याच दिवशी शिक्षा झाली असती.

तुम्ही कोण, हे एव्हाना कळायला हवं. वय 20. रॉयल इंडियन नेव्हीत रेटिंग, म्हणजे साधे नाविक. जहाजाचं नाव ‘तलवार’. पण ‘तलवार’ कधी पाण्यात गेली नाही, कारण ती कुलाब्यातली सिग्नलची शाळा आहे. नेव्हीत इमारतीलाही जहाजच म्हणतात, आणि फाटकाबाहेर पडायचं असेल तर ‘किनाऱ्यावर जातो’ म्हणायचं असतं. या विनोदावर पहिले चार दिवस हसू येतं.

18 तारखेला सकाळी तुम्ही नाश्त्याला हात लावला नाही. पाव आणि डाळ. डाळीत खडे, आणि तक्रार केली की वर शिव्या. त्या शिव्या इथे देत नाही, पण आई-बहिणीपासून थेट जातीपर्यंत जायच्या. त्याआधी बलाईचंद दत्त नावाच्या तुमच्यातल्याच एका टेलिग्राफिस्टने रात्री बराकींच्या भिंतींवर घोषणा रंगवल्या होत्या, आणि तो पकडला गेला होता. तुमचा नाश्ता राहिला तो राहिलाच. दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवरचे झेंडे उतरले, आणि मग गिरणगाव रस्त्यावर आलं. परळला गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. मग पुढाऱ्यांचा निरोप आला, हत्यारं खाली ठेवा, कुणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून आम्ही प्रयत्न करू. तुम्ही ठेवली. म्हणून ही लॉरी.

मुलुंडची छावणी आली. उतरा.

मुलुंड मुंबई महापालिकेत यायला अजून 11 वर्षं आहेत, तेव्हा मुंबईत कैदेत आहोत असंही म्हणता यायचं नाही. काटेरी तार, बराकी, तारेबाहेर गवत. दुपारी बराकीत बसवत नाही आणि बाहेर उभं राहवत नाही. भिंतीच्या सावलीची एक हातभर पट्टी असते. ती सरकेल तशी माणसंही बूड सरकवत जातात. संध्याकाळी डास येतात, आणि आले की गप्पा बंद, कारण तोंड उघडलं की आत जातात. जेवण? डाळ. खडे तेच असावेत असा तुमचा दाट संशय आहे.

पण सिग्नलच्या माणसांना गप्प बसवणं इतकं सोपं नाही. पहिल्याच रात्री पलीकडच्या बराकीतून जर्मनच्या ताटलीवर चमचा वाजायला लागतो. टक, टकटक. पहारेकऱ्याला वाटतं, कुणाचं तरी डोकं फिरलंय. तुम्हाला मात्र अक्षरं ऐकू येतात. भुकेची चौकशी, घरची चौकशी, आज कुणाला चौकशीला नेलं. मधेच कुणीतरी अत्यंत अश्लील विनोद पाठवतो आणि अंधारात चाळीस माणसं एकदम खिदळतात. पहारेकरी बंदूक सावरतो. रोज संध्याकाळी रुळांवरून डेक्कन क्वीन पुण्याकडे धडधडत जाते. तिचा आवाज आला की सगळे तारेकडे तोंड करून उभे राहतात. दिसत काही नाही. तरी राहतात.

चौकशीचा नंबर तुमचाही लागतो. टेबल, पंखा, गोरा अधिकारी, आणि दुभाषा. इंग्रजी तुम्हाला त्याच्यापेक्षा बरं कळतं, पण दुभाषा असला की उत्तराचा विचार करायला दुप्पट वेळ मिळतो, म्हणून तुम्ही अडाण्यासारखे बसून राहता. पुढारी कोण होते? नाश्ता नाकारायला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणता, डाळीने. दुभाषा हे भाषांतर करत नाही.

आणि एक दिवस टेबलावर कागद येतो.

बराकीतल्या एका जुन्या पेटी ऑफिसरने तुम्हाला आधीच पढवून ठेवलंय. रॉयल नेव्हीच्या सेवा-दाखल्याचा एक कोपरा आखलेला असतो. माणसाला बेअब्रू करून हाकललं, की तेवढा कोपरा कात्रीने कापायचा. पुढे जगाच्या पाठीवर कुठेही तो कागद दाखवा, वाचायची गरज नाही, तुटका कोपरा बघून समोरच्याला कळतं. म्हणून कागद हातात येताच तुम्ही अक्षरांकडे बघत नाही, कोपऱ्याकडे बघता. शाबूत. अंगठ्याने चाचपूनही बघता. शाबूतच. मग हायसं वाटून खालचं वाचता, आणि तिथे लिहिलंय की तुमच्या सेवेची आता गरज उरलेली नाही.

बस, एवढंच. नाश्ता नाही, दत्त नाही, परळ नाही. जणू दुकानदाराने सांगावं, पोऱ्या नको आता. कारकून सही घेतो, सामान जमा करून घेतो, टोपीवरची सोनेरी अक्षरांची काळी पट्टीसुद्धा. तुम्ही आत्ताच नागरिक झालात. मेहेरबानी करून रांग अडवू नका, तुमच्या मागे बरीच माणसं आहेत. अशी एकूण 476 नावं कापली जाणार आहेत.

आता भाऊचा धक्का. मिरगाआधीच्या शेवटच्या बोटी म्हणजे काय गर्दी! आंब्याच्या रिकाम्या करंड्या, पत्र्याच्या ट्रंका, कोंबड्या, बाळंतपणाला निघालेल्या सुना, आणि डेकवर पथारी टाकायला भांडणारे चाकरमानी. कोळशाचा धूर, सुक्या मासळीचा वास, आणि हर्णै ओलांडली की ओकाऱ्या. अख्ख्या डेकवर बोट न लागलेले तुम्ही एकटेच. एक म्हातारी कौतुकाने विचारते, दर्यावर असतंस काय रे? तुम्ही मान हलवता. होय की नाही, ते तिने ठरवावं.

मालवणला बोट लांब उभी राहते. पडावात उडी टाकून किनाऱ्याला लागायचं. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला ओळखीचा खारवी ट्रंक खांद्यावर घेता घेता विचारतोच, “काय रे, रजेर इलंस?”

“होय.”

“किती दिसांची?”

याचं उत्तर तुम्ही बोटीवर तयार करायला हवं होतं.

आये काही विचारत नाही. “बारीक झालंस मरे,” म्हणते आणि पेज वाढते. पहिल्या घासाला तुम्ही सवयीने खडा शोधता. तिसऱ्या आठवड्यात गावाला कळतं. लष्करी पेशाच्या गावांत यासाठी फार थोडक्यात बोलतात: त्याचं नाव कापलं. चोरी केली, दारू प्याला, साहेबावर हात टाकला, की देशासाठी भांडला, हे सगळं त्या तीन शब्दांत बसतं आणि त्यातलं एकही कळत नाही. गावचा शिक्षक तुमच्या बाजूने बोलतो, पण मुलगी देणारे लोक शिक्षकाला विचारत नाहीत.

म्हणून परत मुंबई. घाटकोपरला मामाच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं. तुम्ही गॅलरीत झोपता. पहाटे चारला नळाची रांग, स्टोच्या पंपाचा फुसफुसाट, रॉकेलचा भपका, आणि तुमच्या पायावर पाय देऊन गिरणीला निघालेले शेजारी. ट्रंकेत, लग्नातल्या धोतराच्या घडीत, तो कागद. दाखवावा तर पंचाईत, न दाखवावा तर ‘तीन वर्षं काय करत होतात?’ ही पंचाईत. एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर तो उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, गरज नाही म्हणजे? तुम्ही सांगायला लागता. नाश्ता, डाळ, तलवार. त्याच्या डोळ्यांत आदर चढताना दिसतो, अगदी खरा आदर, आणि त्याच वेळी हात कागद परत करत असतो. तुमच्यासारख्यांचा अभिमान आहे हो, म्हणतो. पण इथे युनियनचं आधीच फार झालंय.

त्या आदराचा मला त्या गोऱ्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त राग येतो. असो.

मध्यंतरी झेंडा बदलतो. तुम्हाला वाटतं, आता बोलावणं येईल. पोस्टमन दिसला की चाळीच्या जिन्यात उभे राहता. आपलंच सरकार, आपलीच नेव्ही, आपल्याच जहाजांवर आता तोच झेंडा, ज्याच्यासाठी तुम्ही दुसरा उतरवला. अर्ज करता, टाइप करायला पैसे उसने घेऊन. त्या 476 जणांतल्या एकालाही भारताच्या नौदलाने परत घेतलं नाही. पाकिस्तानच्यानेही नाही. फाळणीत जहाजं वाटून घेतली, तोफा वाटून घेतल्या, आणि या बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं. शिस्त मोडणारा माणूस कुठल्याच नौदलाला नको असतो, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते समजतंही. तुमच्या जागी बसून समजत नाही.

एकदा कामानिमित्त मुलुंडला जाता. बराकींत आता सिंधहून आलेले निर्वासित राहतात. दोऱ्यांवर कपडे वाळतायत, पापड वाळतायत, पोरं तारेच्या खांबाला लोंबकळतायत. तुम्ही तुमची बराक शोधता आणि एक बाई संशयाने विचारते, कोण पाहिजे?

आता जरा लांब उडी मारू. धरा.

1972. तुमचे केस गेलेत, पोरगी मॅट्रिकला आहे, आणि तुम्ही भांडुपच्या एका वर्कशॉपात फोरमन आहात. नोकरी शेवटी अशा माणसाने दिली ज्याने कागद मागितलाच नाही. दत्त कधीच ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाले. गेल्याच वर्षी त्यांचं नाविकांच्या त्या उठावावरचं पुस्तक आलंय. आणि 15 ऑगस्टपासून, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं निमित्त करून, सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन जाहीर केलीय. महिना 200 रुपये. चाळीत बातमी फुटते की यादीत नेव्हीवालेही आहेत. अट अशी की तुरुंग भोगलेला असावा, किंवा चळवळीपायी सरकारी नोकरी गेलेली असावी. आणि त्याचा पुरावा हवा.

पुरावा! ट्रंक ओढा. धोतर केव्हाच फाटलं, कागद शिल्लक आहे. घड्यांवर चिरलाय, एका कडेला झुरळांनी जेवण केलंय, पण ती ओळ स्वच्छ वाचता येते. जी ओळ दाखवायची म्हणून 26 वर्षं घाम फुटायचा, ती आता तुम्ही सचिवालयातल्या कारकुनासमोर बोट ठेवून दाखवता. तो चष्मा वर करतो. “यात उठावात भाग घेतला असं कुठे आहे? गरज नाही असं आहे. गरज नाही म्हणजे?”

छान. तोच प्रश्न, फक्त टेबल देशी.

दिल्लीला अर्ज, राज्य सरकारला प्रत, प्रतिज्ञापत्र, मार्च ते मे कुठे होतात त्याचा दाखला. दाखला नसेल तर सोबत कैद भोगलेल्यांचं लिहून आणा. तुम्हाला कुणाचा पत्ता माहीत आहे? तुम्ही आठवायला लागता, आणि डोक्यात आधी येतात ती माणसं नाहीत, ताटलीवरची टकटक येते. तो पंजाबी पोरगा बहुतेक लाहोरच्या बाजूला गेला. पेटी ऑफिसर गेला वारून.

एका रविवारी मात्र दारात एक टक्कल उभं राहतं. गुहागरचा. बोरिवलीला राहतो, कुणाकडून तरी तुमचं नाव कळलं म्हणून अख्खी मुंबई ओलांडून आलाय. त्याने त्याचा कागद सुटल्याच्या दिवशीच फाडून टाकला होता, रागाने. आता तुम्ही लिहून द्या म्हणतो, मी तुमच्यासोबत मुलुंडला होतो.

तुमची बायको चहा टाकते. तुम्ही त्याच्याकडे बघता. तोंड आठवत नाही. खोटा निघाला तर तुमचाही अर्ज बुडेल.

“बराक कुठली?”

“डोंगराकडची.”

“सगळेच डोंगराकडची म्हणतात. डेक्कन क्वीन कुठल्या बाजूने ऐकू यायची?”

तो बरोबर बोट दाखवतो, खिडकीतून, स्टोच्या वरून. तरी तुमचं समाधान होत नाही. मग तो बशीवर चमचा आपटायला लागतो. टक, टकटक. तुम्ही कान देता. चौथ्या अक्षराला तुम्हाला ठसका लागतो, चहा नाकात जातो, कारण हा तोच विनोद आहे, शब्दन्‌शब्द तोच. म्हणजे तो हलकट हा होता तर!

“काय म्हणतायत ते?” मॅट्रिकवाली पोरगी विचारते.

“अभ्यास कर तू,” तुम्ही म्हणता, आणि लिहून द्यायला पेन शोधता. गुहागरवाला मात्र शहाणा आहे. तो विचारतो, तुमचा स्वतःचा अर्ज मंजूर झालाय का? नाही? मग तुमच्या सहीला काय किंमत?

तुम्ही म्हणता, खरंच की. मग असं कर, आधी तू मला लिहून दे.