शरीरातला आनंद आणि एका गोळीची गोष्ट

द्राक्षाची खुडणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीकडच्या गटांच्या बैठकीत हिशेबाच्या आधी गुडघे आणि कंबर यांचंच बोलणं निघतं. म्हणून आज आम्ही दुखणं थांबवणाऱ्या एका औषधाचा इतिहास सांगणार आहोत. त्याची सुरुवात भांगेपासून होते.

महाशिवरात्रीची भांग आपल्याला ऐकून माहीत आहे. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून जास्त साक्षी झाल्या. बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक, असं आयोगाने म्हटलं. पुढे १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आली.

पण ही वनस्पती अंगात नेमकं काय करते? इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये तिच्यातलं नशा आणणारं द्रव्य वेगळं केलं. मेंदूत त्या द्रव्याची किल्ली बसेल असं कुलूप आहे, हेही पुढे कळलं. मग आपल्या शरीराची स्वतःची किल्ली कोणती? ती १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडली. नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून!

हे द्रव्य शरीर गरजेपुरतं बनवतं आणि एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते लगेच मोडून टाकतं. शास्त्रज्ञांना वाटलं, या विकराला अडवलं तर आपलाच आनंद जास्त वेळ टिकेल, नशेशिवाय दुखणं कमी होईल. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांवर अशा एका औषधाची चाचणी झाली. तिचा निकाल २०१२ मध्ये आला. रक्तात आनंदामाइड वाढलं, पण दुखणं काही कमी झालं नाही.

दुसऱ्या औषधाचं तर विपरीतच झालं. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात पैसे घेऊन चाचणीत उतरलेल्या सहा धडधाकट पुरुषांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांतला एक दगावला. ते औषध ठरलेल्या विकराबरोबर इतर विकरांनाही धरत होतं, असं नंतरच्या संशोधनात दिसलं.

सख्यांनो, यातून आपण दोन गोष्टी गाठीला बांधू. शरीरातली एक गोष्ट अडवली की दुसरीलाही धक्का बसू शकतो, म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. आणि औषधाच्या चाचणीसाठी कोणी अंगठा मागितला, तर आधी आपल्या भाषेत सगळं समजावून मागावं. नाही म्हणण्याचा, मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळावी, हे २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. पैशाची नड कितीही असो, न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. कर्जाच्या कागदाला आपण हाच नियम लावतो, मग आपल्या देहाला का नको?