रुपयाचे जुने शंभर पैसे

नागपूर विभागात पिकांची पैसेवारी जाहीर झाली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ५० च्या वर की खाली? खाली असली, तर दुष्काळी सवलतींची आशा. म्हातारे शेतकरी तिला अजून आणेवारीच म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आठ आण्यांचे ५० झाले.

त्याआधी रुपयाचे पैसे ६४. माझं म्हणणं असं की तेव्हाही ते १०० च होते. फक्त दहाऐवजी आठाने मोजायला हवं. अष्टमानात अंक सातापर्यंतच. आठ लिहायचे १०, चौसष्ट लिहायचे १००. आता नाणी मांडा: चवली १०, पावली २०, अधेली ४०, रुपया १००. ६४ सहा वेळा निम्मे केले की नेमका एक पैसा हाती येतो. १०० मात्र दोनदा निम्मे होऊन २५ वर अडतात; म्हणून तर नव्या हिशेबात चवलीचे साडेबारा झाले.

सगळी मेख या चवलीत आहे. पावली आणि अधेली रुपयाचा वाटा सांगतात. दोन आण्यांच्या चवलीत ‘चार’ कुठून आले? माझा तर्क: चार ढबू. ढबू दोन पैशांचा, चार ढबूंचे आठ पैसे. म्हणजे चवली रुपया फोडून झालेली नाही, पैसे जमवून झालेली आहे. तर्कच आहे, पण मी तो सोडणार नाही.

विरोधक म्हणतील, हे घराणं आठाचं नव्हे, चाराचं. वहीत पाव रुपयाला एक उभी रेघ, पाऊण रुपयाला तीन. पुढे आण्यांच्या वेगळ्या रेघा, त्याही तीनपर्यंतच. चौथी झाली की हातचा वरच्या घरात. (ही चिन्हं २००९ साली युनिकोडमध्येही आली.) मुनिमाच्या वहीपुरतं मान्य. पण सोनाराचा मासा ८ गुंजांचाच ना? तोळा १२ माशांचा, हे मी हळूच बाजूला ठेवतो.

आता ३ रुपये ९ आणे ३ पैसे सात भावंडांत वाटा. आठ आण्यांच्या ४ चवल्या. उरलेल्या आण्याचे चार पैसे आणि वरचे तीन मिळून ७. झाले ३४७. दशमानात अंकांची बेरीज करून नवाची कसोटी लावतात, अष्टमानात ती साताला लागते. ३+४+७=१४, म्हणजे वाटणी बिनबोभाट: प्रत्येकाला एक अधेली नि एक पैसा.

याच अंकांत आणखी एक गंमत आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ प्रसिद्ध आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. तीन अंकी संख्या दशमानात ४९५ वर थांबते, अष्टमानात ३७४ वर. ७ रुपये ४ चवल्या ३ पैशांतून आपले ३ रुपये ४ चवल्या ७ पैसे काढा: ३ रुपये ७ चवल्या ४ पैसे. पुन्हा करा, तेवढेच.

पै मात्र माझा डाव नासवते. आण्याच्या १२ पै, पैशाच्या ३. आणि पैशाचा तिसरा हिस्सा अष्टमानात ०.२५२५२५… असा संपतच नाही. बारा पेन्सच्या शिलिंगाकडे बोट दाखवून मी तिला परकी ठरवतो.