तांबट आळीचे मठारकाम

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्वष्टा कासार समाजाची जुनी वसाहत. कालिकादेवी हे या समाजाचे आराध्यदैवत. त्यांचे पूर्वज कोकणातून घाटावर आले, असे परंपरा सांगते. १७३२ साली कसब्यालगत शनिवारवाडा बांधून झाला आणि पुणे मराठी सत्तेचे केंद्र बनले. वाडे, देवळे आणि मुदपाकखाने वाढले, तशी हंडे, घंगाळी आणि तपेल्यांची मागणीही वाढली.

तांबे ठोकले की कडक होते आणि तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून तांबट ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकतो. एका भांड्यासाठी हा क्रम अनेकदा चालतो. तुकडे टाकणखार लावून डाकाने जोडले जातात, काजळी आम्लाने धुतली जाते.

शेवटी येते मठारकाम. भांडे ऐरणीवर फिरवत, घासून गुळगुळीत केलेल्या हातोड्याने एकमेकांना लागून ठोके दिले जातात. ओळीने उमटलेल्या या खळग्यांवर उजेड खेळतो आणि भांडे झळाळते. यानंतर भांडे तापवत नाहीत, त्यामुळे ठोक्यांनी आलेला कडकपणा टिकतो आणि पातळ पत्र्यालाही सहज पोचे पडत नाहीत. एकच ठोका भांडे सजवतो आणि मजबूतही करतो. एकसारख्या लयीच्या या ठकठकीवरूनच ‘टुक् टुक्’ करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला मराठीत तांबट हे नाव मिळाले.

१८१८ साली पेशवाई संपली, तरी धंदा टिकला, कारण घरोघरी तांब्यापितळेचीच भांडी वापरात होती. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तयार पत्रा येऊ लागला आणि धातूच्या गोळ्यापासून पत्रा काढण्याचे कष्ट वाचले. पाणी तापवणारा बंब पुढे आळीचे मोठे उत्पादन ठरला.

विसाव्या शतकात आधी ॲल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात शिरले. त्यांना कल्हई लागत नव्हती. विजेच्या गीझरने बंबाची जागा घेतली. गिऱ्हाईक घटले, पुढची पिढी इतर व्यवसायांकडे वळली. उरलेले कारागीर आता पाण्याची भांडी, ताटे, दिवे आणि शोभेच्या वस्तू घडवतात. वस्तू बदलल्या, पण अखेरचा हात मठारण्याचाच राहिला आहे.