चांदीची धाव

आमच्या आबाजींच्या गोष्टीत हिंगणघाटच्या बाजाराला जाणारी एक बंडी होती. तिच्या चाकांना लोखंडाची नव्हे, चांदीची धाव! त्यांनी स्वतः ती पाहिली नव्हती. त्यांच्या आज्यानं पाहिली म्हणे. एवढा पैसा आला कुठून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "तिकडं गोऱ्याइचं आपसात लागलं होतं."

'तिकडं' म्हणजे अमेरिकेत. १८६१ साली यादवी पेटली, लिंकनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. मग हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला तोही याच धामधुमीत, १८६२ला. १८६५ला युद्ध संपलं, गिऱ्हाईक जुन्या दुकानी परतलं, भाव आपटले. मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ला, म्हणजे वरात निघून गेल्यावर. चांदीचं पुढं काय झालं, ते आबाजी सांगत नसत. सावकाराकडे गेली असणार, दुसरं काय!

मुलीकडे अटलांटाला गेलो तेव्हा आई सोबत होती. ऑक्टोबरात दक्षिण जॉर्जियातून जाताना फुटलेल्या पऱ्हाटीची शेतं लागली, तशी तिनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला पडलेलं बोंड उचललं, नखानं सरकी सोडवली आणि रुई दोन्ही चिमटींत धरून तुटेस्तोवर ताणली.

"धागा लांब हाये. वेचते कोन?"

"मशीन," मुलगी म्हणाली.

"अन् आधी?"

नातीनं सांगितलं. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती. आई बराच वेळ रुई मळत राहिली. "आबाजीनं हे नाही सांगतलं कधी."

खरंच, आमच्या गोष्टीत भांडण होतं, भाव होता. वेचणारी माणसंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अटलांटातल्या मोरहाउस कॉलेजात बेंजामिन मेज यांच्या समाधीपाशी गेलो. १९३६-३७च्या हिवाळ्यात हे मेज वर्ध्याला येऊन गांधीजींशी दीड तास बोलले होते. पुढं ते या कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन लूथर किंग त्यांचे विद्यार्थी. आईला यातलं वर्धा तेवढं कळलं. मग मी सांगितलं, की मेज यांचे आईवडील गुलामीत जन्मले, सुटल्यावर दुसऱ्याच्या जमिनीत कापूस पिकवायचे.

"म्हंजे मक्त्यानं," आई म्हणाली. "मंग मालकाचं देऊन उरत काय असंल?"