वर राहिलेलं टेबल

कमरेची गादी सरकून नस दबली आणि कळ पायात उतरली, की फिजिओथेरपिस्ट पुष्कळदा पालथं झोपवतात आणि कंबर सैल सोडून हातांच्या जोरावर छाती उचलायला लावतात. दिसायला हे भुजंगासनच. पण या व्यायामाचं कूळ वेलिंग्टनमधल्या एका दवाखान्यात सापडतं.

सरकलेली गादी नस दाबते म्हणून पाय दुखतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं. व्यायामात मात्र भर होता पुढे वाकण्यावर. अमेरिकेच्या पॉल विल्यम्स यांनी गुडघे पोटाशी घ्यायला शिकवलं होतं. मागे वाकणं जवळपास निषिद्धच.

१९५६ मध्ये वेलिंग्टनचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे एक रुग्ण आला. पुढे ते त्याला ‘मिस्टर स्मिथ’ म्हणत. कळ कमरेच्या उजव्या बाजूपासून गुडघ्यापर्यंत जायची, आणि तीन आठवडे उपचार करूनही उतार नव्हता. ‘आत जाऊन पालथे झोपा,’ असं सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामाला लागले. टेबलाची एक बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती, ती तशीच राहिली होती. स्मिथ त्यावरच पालथे झाले आणि कंबर मागे वाकवून पडून राहिले. काही मिनिटांनी मॅकेन्झी धास्तावून आत आले, तर स्मिथ म्हणाले, पायातली कळ गेली! दुखणं आता कमरेच्या मधोमध येऊन थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झोपवल्यावर तेही गेलं.

या योगायोगातून मॅकेन्झींनी एक खूण हेरली: कळ पायातून कमरेकडे सरकली, तर दिशा योग्य. मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालतं. कळ खाली उतरू लागली, तर ती हालचाल थांबवायची. एखाद्याला मागे नव्हे, बाजूला झुकल्यानेच आराम पडतो. म्हणून आधी तपासणी. थेरपिस्टचा हातही मागाहून येतो: रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीने अडलं, तर वरून दाब आणि त्यानंतर मणक्याचं मोबिलायझेशन, म्हणजे हाताने मणका हळुवार हलवणं.

गादी आत नेमकी कशी हलते, यावर वाद आहेत; मात्र कळ वर सरकणं हे बरं होण्याचं चांगलं लक्षण आहे, याला पुढच्या अभ्यासांनी दुजोरा दिला. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र टेबलाची वाट न धरता थेट रुग्णालय गाठावं.